चारशे रुपयांचा डॅक आणि ३०० ओमचा हेडफोन : कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

टेबलावरचा माल असा. रास्पबेरी पाय ३ बी हा छोटा संगणक (पुढे नुसता पाय), घरातच पडून होता. पीसीएम५१०२ए चिपची जांभळी पाटी, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डॅक, टपालखर्च धरून चारशेच्या थोडी वर. आणि पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेला जुना सेनहायझर एचडी ६५० हेडफोन, ३०० ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप), सतरा हजार. पैसे कुठे गेलेत ते उघड आहे, आणि ते तिथेच जावेत या मताचा मी आहे. हवा हलवायचं काम शेवटी हेडफोनच करतो.

काम हाती घ्यायचं कारण साधं. लॅपटॉपला हा हेडफोन लावला तर आवाज पुरत नाही, आणि चार्जर जोडलेला असला की मागे बारीक किरकिर ऐकू येते. माउस हलवला की ती किरकिरही हलते. पावसाळ्यात बेळगावात संध्याकाळी बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा सप्टेंबरपर्यंत ऐकायला काहीतरी नीट उभं करायचं. ऐकायचं काय, तर सीडीवरून उतरवलेलं कुमार गंधर्वांचं गाणं, कॅसेटवरून घेतलेले मल्लिकार्जुन मन्सूर, आणि येळ्ळूरकडच्या एका देवळात मीच रेकॉर्डरवर घेतलेलं भजन. ते भजन २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं आहे आणि त्यात टाळ इतके आहेत की कुठल्याही यंत्राची परीक्षा व्हावी.

जोडणी सरळ आहे. पायच्या १२ नंबरच्या पिनेवरून बीसीके (बिटांचं घड्याळ), ३५ वरून एलआरसीके (डाव्या-उजव्याचं घड्याळ), ४० वरून डीआयएन (आवाजाचे आकडे). पाच व्होल्ट २ नंबरवरून, ग्राउंड ६ वरून. वायरी बोटभर लांबीच्या ठेवल्या. पायवर व्हॉल्युमिओ ही गाणी वाजवणारी प्रणाली टाकली, तिच्यातल्या प्लेबॅकच्या पानावर आय-टू-एस डॅक (याच तीन वायरींवरून आवाज घेणारा) चालू केला, यादीतून हायफायबेरी डॅक निवडला आणि पाय परत सुरू केला.

आवाज नाही.

११ जून

दोन संध्याकाळी यात गेल्या. पाय गाणं वाजवतोय, सेकंद पुढे सरकतायत, पाटीवरचा दिवा लागलाय, कानात मात्र चिडीचूप. वायरी बदलल्या, कार्ड नव्याने लिहिलं, काही उपयोग नाही.

कारण पाटीच्या पाठीमागे होतं. तिथे चार जागी सोल्डरने जोडायची टिंबं असतात, प्रत्येकाला एच (हाय) किंवा एल (लो) अशी निवड. माझ्या पाटीवर चारही उघडीच आली होती. त्यातलं तिसरं टिंब म्हणजे चिपचं म्यूट. ते एचकडे जोडलं नाही तर चिप सगळं काम करते आणि तोंड मिटून बसते. पहिलं, दुसरं आणि चौथं एलकडे, तिसरं एचकडे. पुढच्या बाजूला एससीके नावाची जोडी असते, तीही सोल्डरने ग्राउंडला मिळवायची, म्हणजे चिप आपलं घड्याळ आतल्या आत बनवते. पाय एससीकेचं घड्याळ देतच नाही.

टिंबं इतकी बारीक आहेत की जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने शेजारचंही बुजतं. आधी फ्लक्स लावा, टोकावर कणभरच सोल्डर घ्या. आणि जोडून झाल्यावर मल्टिमीटरने एकेक तपासा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

आवाज आला. ऐकायला बसेपर्यंत करंट गेला.

१५ जून, रविवार

या पाटीवर साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे. हेडफोनचं नसून लाइन आउटचं, म्हणजे पुढच्या अँप्लिफायरला जोडायचं आहे हे माहीत असूनही आज एचडी ६५० थेट त्यातच लावला, कारण अँप्लिफायरला अजून वेळ आहे. ऐकलं तसं लिहितो, मागाहून दुरुस्त करणार नाही.

पहिली गोष्ट, शांतता. गाणं सुरू होण्याआधी आणि संपल्यावर काही म्हणजे काही नाही. लॅपटॉपची किरकिर गेली. आवाज पुरेसा, फार मोठा नाही, पण रात्री ऐकायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, खर्ज. कुमारांच्या गाण्यात तबल्याचा डग्गा असा काही फुगून येतो की मान आपोआप हलते. भजनातला पखवाज तर छातीवर वाजल्यासारखा. लॅपटॉपवर हे कधीच ऐकलं नव्हतं. चारशे रुपयांत एवढं, असं वाटून तासभर गाण्यामागून गाणी लावत सुटलो. तानपुरा दाट आहे, भरलेला आहे. टाळ मात्र लॅपटॉपवर होते तसेच.

आईच्या कानाला लावून दिला. तिने डोळे मिटून मन्सूरांचा एक विलंबित ख्याल अर्धा ऐकला आणि म्हणाली, ‘तबला जवळ आलाय रे, पण बुवा लांब गेलेत.’

१६ जून

आईचं वाक्य दिवसभर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामावर डोक्यात होतं. संध्याकाळी पाटीचा नकाशा काढून बसलो.

चिपच्या बाहेर, भोकाच्या आधी, दोन्ही बाजूंना ४७० ओमचा एकेक रेझिस्टर आहे. पुढे अँप्लिफायर असेल तर तो निरुपद्रवी, कारण अँप्लिफायरचा रोध हजारो ओमांचा असतो. पण हेडफोन थेट लावला की तो ४७० ओम आणि हेडफोनचे ३०० ओम एकमेकांत व्होल्टेज वाटून घेतात. चिप जास्तीत जास्त २.१ व्होल्ट देते, त्यातले हेडफोनच्या वाट्याला सुमारे ०.८ येतात. एवढ्यावर प्रश्न मिटला असता. पण एचडी ६५० सगळीकडे ३०० ओमचा नसतो. ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा रोध ५०० ओमच्या घरात जातो. त्या पट्ट्यात त्याला ०.८ ऐवजी जवळजवळ १.१ व्होल्ट मिळतात. हिशेब केला तर अडीच डेसिबलच्या आसपास वाढ येते, आणि नेमकी डग्गा-पखवाजाच्या जागी.

म्हणजे काल ज्याच्यावर मी खूश होतो ती चिपची करामत नव्हती. सतरा हजारांच्या हेडफोनला एका रेझिस्टरने लावलेला बेसचा नॉब होता. चिपला स्वतःलाही हे मानवत नाही. तिच्यापुढे किमान एक हजार ओमचा भार असावा असं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या माहितीपत्रकात लिहिलंय, आणि इथे सगळे मिळून ७७० होतात.

३२ ओमचे हेडफोन असणाऱ्यांनी तर हा प्रयोगही करू नये. ०.१३ व्होल्ट मिळतील, आवाज कुजबुजल्यासारखा येईल आणि दोष चिपला जाईल.

२२ जून, रविवार

अँप्लिफायर म्हणून ओ-टू बांधायचं ठरवलं. एनडब्ल्यूअवगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या कुणा अभियंत्याने २०११ मध्ये हा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. तो कोण, हे त्याने कधी सांगितलं नाही. भाग स्वस्त आणि साधे आहेत, एनजेएम४५५६ए या ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या) दोन चिपा हेडफोनला वीज पुरवतात, आणि बाहेर पडतानाचा रोध एक ओमपेक्षा कमी. मला हवं होतं ते एवढंच. कोरी पाटी (पीसीबी) आणि भाग मिळून अडीच हजारांच्या आत बसले.

अडलं ते विजेच्या अडॅप्टरपाशी. ओ-टूला एसी लागतो. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट कमी करून तसेच्या तसे, डीसी न करता द्यायचे. त्यातून तो आपला अधिक आणि उणे बाजू बनवतो. खडेबाजारातल्या दुकानात एसी अडॅप्टर म्हटलं की समोर डीसीच येतो. ‘एसी कशाला पाहिजे हो? दारावरच्या बेलला?’ दुकानदाराने विचारलं. चेष्टेने म्हणाला असेल, पण बेलचा ट्रान्सफॉर्मर एसीच देतो, म्हणजे नेमकं बोलला. दुसऱ्या दुकानातून १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘एसीच आहे साहेब’ म्हणून गळ्यात बांधला गेला. घरी मीटर लावला, डीसी. त्यावर ओ-टूची एकच बाजू उठते आणि त्यातलं संरक्षणाचं सर्किट पुढचं सगळं बंद ठेवतं. हेडफोन वाचतो, दीडशे रुपये वाचत नाहीत.

शेवटी १५-०-१५ चा साधा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि त्याचा अर्धाच भाग वापरला. तो प्लास्टिकच्या वेगळ्या डबीत, फ्यूजसकट. २३० व्होल्टच्या बाजूचं काम ज्यांना सवयीचं नाही त्यांनी ओळखीच्या वायरमनकडून करून घ्यावं.

२९ जून, रविवार

सोल्डरिंगला दोन रविवार धरले होते, एकातच झालं. क्रम सांगतो तो पाळा. आधी फक्त विजेचा भाग लावा, ऑपअँपची सॉकेटं रिकामी ठेवा. मग अधिक १२ आणि उणे १२ मीटरवर बघा. दोन्ही आल्याशिवाय एकही चिप बसवू नका. अधिक १२ स्थिर ठेवणारा ७८१२ आणि उणे १२ स्थिर ठेवणारा ७९१२ दिसायला जुळे भाऊ आहेत आणि त्यांच्या पायांचा क्रम वेगळा आहे. जागा चुकली तर दोघंही गरम होऊन सांगतात.

माझं उणे १२ पहिल्या खेपेला ९ वर अडलं होतं. एका कपॅसिटरचा डाग थंड होता, वरून चकचकीत, आतून सुटा. पावसाळी हवेत पाटी गार असते आणि ग्राउंडचं तांबं मोठं असलं की उष्णता पळते. अशा जागी आयर्न दोन सेकंद जास्त ठेवावं लागतं.

हेडफोन लावण्याआधी बाहेरच्या टोकाला डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील. माझ्याकडे दोन्ही बाजूंना तीन-चारच निघाले. तरी पहिल्यांदा दोनशे रुपयांचा बाजारू इअरफोनच लावला.

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी देऊळ, दुपारी वऱ्याचे तांदूळ, मग टेबल. दिवस बघून भजनच लावलं.

ओ-टूला दोन गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) असतात, बटणाने बदलता येतात. मूळ नकाशात २.५ पट आणि ६.५ पट. ३०० ओमच्या हेडफोनला दम लागतो असं सगळे म्हणतात म्हणून मी मोठा ठेवला. सुरुवातीला छान. अभंगाचं पहिलं कडवं संपून गजर सुरू झाला, टाळ चढले आणि आवाज फाटला. नॉब खाली आणला. हळू फाटला. आणखी खाली आणला, जवळजवळ ऐकू येईना, तरी फाटलेलाच. पायचा आवाज निम्म्यावर आणला तेव्हा मात्र साफ झाला.

हेच सगळ्यात उपयोगी निदान. नॉब कमी करून जात नाही आणि उगमाचा आवाज कमी केला की जातो, म्हणजे फाटणं नॉबच्या आधी होतंय. ओ-टूमध्ये गेन आधी आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) नंतर आहे. चिपचे २.१ व्होल्ट गुणिले ६.५ म्हणजे साडेतेरा व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवर ओ-टू सुमारे ७ व्होल्टपर्यंतच जाऊ शकतो, बॅटरीवर त्याहून कमी. वरचं सगळं छाटलं जातं आणि ते छाटलेलंच नॉबपाशी पोचतं. मग नॉब कितीही फिरवा.

गेनचं गणित सोपं आहे. १ अधिक १५०० भागिले एक रेझिस्टर. तो रेझिस्टर १००० ओमचा असला तर २.५, २७४ चा असला तर साधारण ६.५, आणि नसलाच तर १. म्हणून २७४ ओमचे दोन्ही रेझिस्टर काढून टाकले. आता बटण आत दाबलं की एक पट, बाहेर असलं की अडीच पट. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. २.१ व्होल्ट म्हणजे शिखर १०९ पर्यंत. एवढा आवाज कुणी शहाणा माणूस रोज ऐकणार नाही. दम वगैरे ठीक आहे, पण दोन व्होल्ट देणाऱ्या डॅकपुढे एक पट भरपूर झाला.

यातून दुसरा फायदा झाला. पॉट अगदी खाली असताना डावा-उजवा सारखा नसतो, सगळ्याच स्वस्त पॉटांचं हे असं. गेन कमी केल्यामुळे नॉब आता मधोमध येतो आणि तिथे दोन्ही बाजू मीटरवर जुळतात.

गजर पुन्हा लावला. साफ. पण पहिला विचार मनात आला तो असा की हे कोरडं झालंय. पखवाज चांगला घट्ट वाजतोय, तरी छातीवर येत नाही. १५ जूनचा बेसचा नॉब निघून गेलाय हे डोक्याला कळतं, कानाला पटायला वेळ लागतो. आजची नोंद म्हणून हेच ठेवतो: ओ-टूवर पहिल्यांदा ऐकताना थोडी निराशा.

१३ जुलै, रविवार

घूं. पन्नास हर्ट्झचा, सावकाश, डाव्या कानात जास्त.

बॅटरीवर चालवलं, गेला. म्हणजे पाय आणि डॅक निर्दोष, दोष ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला. अर्थिंगवर संशय घेऊन भिंतीतली पिन बदलून बघितली, फरक नाही. मग करंट चालू असतानाच ट्रान्सफॉर्मरची डबी हातात धरून टेबलावर फिरवली. डबी ओ-टूच्या डाव्या अंगाला आली की घूं वाढतो, वीतभर लांब गेली की विरतो, आडवी फिरवली की बदलतो. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र डॅककडून येणाऱ्या वायरीत शिरत होतं. डबी टेबलाखाली माझ्या पावलांपाशी ठेवली, डॅक ते ओ-टूची वायर पिळून आखूड केली. संपलं.

पेटीत सगळं एकत्र बसवायचा बेत इथेच सोडला. ट्रान्सफॉर्मर बाहेरच राहील.

पायला फोनचा जुना चार्जर लावला होता, त्याने स्क्रीनवर विजेच्या कमतरतेचं पिवळं चिन्ह अधूनमधून येई आणि तेवढ्यात गाणं अडखळे. अडीच अँपिअरचा चार्जर घेतला. करंट गेल्यावर पॉवर बँक लावतो, ओ-टू नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर जातो आणि गाणं परत सुरू होतं.

२० जुलै, रविवार

आज मोजूनमापून ऐकणं. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला बसवलं.

नियम एकच पाळला, आवाज जुळवल्याशिवाय तुलना नाही. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो, आणि फरक अर्ध्या डेसिबलचा असला तरी तो मोठा वाटत नाही, फक्त चांगला वाटतो. ४०० हर्ट्झचा सूर लावून हेडफोनच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजले. स्वस्त मल्टिमीटर याच्या वरच्या कंपनांना खोटं बोलतात, म्हणून ४००. ०.१ डेसिबल म्हणजे व्होल्टेजात सुमारे १.२ टक्क्यांचा फरक, तेवढ्यात आणेपर्यंत दोन्हीकडची पट्टी सरकवत बसलो.

पहिली तुलना: पाटीच्या भोकात थेट हेडफोन आणि तीच पाटी ओ-टूमधून. पाठीमागे पुतण्या बदलतोय, मी भिंतीकडे तोंड करून. डग्ग्याच्या पहिल्या दोन थापांत ओळखू येतं, एकदाही चुकलं नाही.

दुसरी तुलना, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप: लॅपटॉपचं भोक ओ-टूमध्ये आणि पीसीएम५१०२ए ओ-टूमध्ये. अँप्लिफायर तोच, हेडफोन तोच, गाणं तेच, फक्त डॅक वेगळा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. मन्सूर, कुमार, टाळ, सगळं झालं. माझे अंदाज निम्म्याच्या आसपास बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखे. १६ पैकी १२ बरोबर यायला हवेत तेव्हा कुठे ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली जाते. मी त्याच्या जवळपासही नव्हतो. मग जागा बदलल्या, पुतण्या भिंतीकडे. त्याने थोड्या वेळात हेडफोन काढून ठेवला. ‘काका, दोन्ही सारखंच ऐकू यालंय की. तुम्ही खरंच बदलालाय का नुसतं बटण वाजवालाय?’

मग लॅपटॉपला चार्जर जोडला. किरकिर परत आली आणि दोघांनीही दर वेळी ओळखलं, गाणं सुरू व्हायच्या आधीच.

आजचा निकाल असा की या डॅकने मला दिलं ते शांतपण. सुरांची गोडी वाढली असं म्हणायला माझ्या कानांकडे पुरावा नाही. लोक नव्या डॅकबद्दल पडदा बाजूला झाला, हवा मोकळी झाली असं लिहितात. त्यांची यंत्रं मी ऐकलेली नाहीत. पण आवाज जुळवून ऐकलं होतं का, एवढं विचारावंसं मात्र वाटतं.

२३ जुलै

पाटीवरचं पहिलं टिंब एलवरून एचवर केलं. चिपमधला फिल्टर बदलतो, नेहमीच्याऐवजी कमी विलंबाचा लागतो. ऐकून काही कळलं नाही. परत एलवर.

तेच भजन १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये करून मूळ फाइलशी ताडून बघितलं. इथे कळतं, आणि ते टाळांतच कळतं. मूळ फाइलमध्ये टाळ आपटल्यावर त्याचा नाद वर जाऊन एकसारखा विरतो. एमपी३ मध्ये तो विरताना वाळू चाळल्यासारखा होतो, आणि एकावर एक टाळ पडले की सगळी मिळून एकच सळसळ. ३२० च्या एमपी३ ला मला ओळखता आलं नाही. तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या कमी दर्जाच्या फायली आहेत त्यांनी डॅकआधी फायली बदलाव्यात, त्यात खर्चही नाही.

३ ऑगस्ट, रविवार

मन्सूरांचा आवाज डावीकडे सरकतोय. पूर्ण नाही, मधून निघतो, दोन-चार मिनिटांत डाव्या भुवईपाशी जातो, परत येतो. पॉटवर संशय आला. पण पॉट असा स्वतःहून ये-जा करणार नाही. प्लेअरमध्ये दोन्ही बाजू मिसळून मोनो केलं आणि आवाज मधोमध खिळला. म्हणजे दोष फाइलमध्ये. मूळ मुद्रण मोनोच आहे. कॅसेट वाजवताना टेप हेडपुढून जरा तिरकी जात असणार, त्यामुळे उजव्या बाजूचा तार भाग कमी-जास्त होतो आणि कान त्याला आवाज सरकला म्हणतो. लॅपटॉपवर हे कधी लक्षात आलं नव्हतं, किरकिरीखाली दबलं असावं. कॅसेट डेक दुरुस्त करून पुन्हा उतरवीन. तोवर मोनो.

मोनोत घेतल्यावर मात्र सलग ऐकत बसलो. पाऊस पत्र्यावर पडत होता आणि हा हेडफोन उघड्या पाठीचा असल्याने तोही सगळा आत येत होता. पावसाळ्यात उघड्या पाठीचा हेडफोन घेताना याचा विचार करा. जोराची सर आली की डॅकच्या माहितीपत्रकातल्या ११२ डेसिबलच्या शांततेचं काही चालत नाही. पण सर ओसरल्यावर जे ऐकलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. मन्सूर एक फिरत सुरू करतात, ती संपेल असं वाटतं तिथे संपत नाही, त्याच दमात पुढची आत घेतात, आणि श्वास कुठे घेतला ते सापडत नाही. आज ते शोधायचंच म्हणून कान लावला. सापडला. तबल्याच्या समेच्या थापेखाली, अगदी आखूड, नाकाने घेतलेला. १५ जूनला हीच थाप फुगलेली होती आणि तिच्याखाली हा श्वास गाडला जात होता. कोरडं म्हणून ज्याला नावं ठेवली त्यात तो मोकळा झालाय.

कुमारांचं उलट. सुळेभावी इथून जवळ, तिथे १९२४ मध्ये त्यांचा जन्म. क्षयातून उठल्यानंतरचं त्यांचं गाणं लहान लहान तुकड्यांचं आहे, एखादा स्वर फेकायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किती जवळ लावल्यात ते कळतं. मागे किरकिर असली की हे मोकळे तुकडे आधी मरतात, गाणं नंतर. शांतपणाला मी चारशे रुपये मोजले ते इथे वसूल झाले.

पखवाजाची छातीवरची थाप अधूनमधून आठवते. तिच्यासाठी व्हॉल्युमिओत इक्वलायझर घालता येतो, १०० हर्ट्झला दोन डेसिबल. भजनाला कधी कधी लावतो, आणि त्यात काही वावगं वाटत नाही. नको तेव्हा काढता येतो, रेझिस्टर काढता येत नव्हता.

१० ऑगस्ट, रविवार

खर्च, पाय आणि हेडफोन सोडून: डॅकची पाटी चारशे, ओ-टू अडीच हजार, ट्रान्सफॉर्मर, डबी, फ्यूज मिळून साडेपाचशे, चार्जर चारशे, नऊ व्होल्टच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या सातशे, वाया गेलेला अडॅप्टर दीडशे. पेटी उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वाकवून घेतली, चहावर. नॉब तिथल्याच लेथवर सळईच्या तुकड्यातून काढून मिळाला. विकतच्या नॉबपेक्षा जड आहे आणि फिरवायला मजा येते, आवाजाशी त्याचा संबंध शून्य.

पुतण्याला आता हेच हवंय, त्याच्या ३२ ओमच्या हेडफोनसाठी. त्याला एक पट गेनच पुरेल, पण पाटी आल्याबरोबर तिसरं टिंब आधी जोड, मग बाकीचं, एवढं लिहून दिलंय.

माझ्या पेटीचं मागचं भोक राहिलंय. ड्रिलचा तो नंबर वर्कशॉपमध्ये मोडून पडलाय, म्हणून तूर्त ट्रान्सफॉर्मरची वायर झाकणाच्या फटीतून बाहेर काढली आहे आणि झाकण तीन स्क्रूंवर आहे.